अकरा महिन्यांचं टर्मिनल: पॅरिस २००४, दिल्ली २०२४ आणि आमच्या गावातला छज्जा

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'अॅक्च्युअली' थोडे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं.)



आजचा विषय मला माझ्या वडिलांनी दिला, त्यांच्या नकळत.

मी मूळचा रिठदचा. वाशिम जिल्हा, रिसोड तालुका. आमच्याकडे विमान म्हणजे आभाळात दिसणारी पांढरी रेघ. २०२३ च्या हिवाळ्यात मी आई-बाबांना दिल्ली दाखवायला घेऊन गेलो. येताना विमानाची तिकिटं काढली, दोघांचाही पहिलाच विमानप्रवास. दिल्लीच्या टर्मिनल वनला टॅक्सीतून उतरलो आणि दाराबाहेरच्या त्या मोठ्या छताखाली बाबांचा फोटो काढला. हातात बॅग, गळ्यात मफलर, चेहऱ्यावर लग्नातल्या नवरदेवापेक्षा जास्त टेन्शन. तो फोटो आजही त्यांचा व्हॉट्सअॅप डीपी आहे.

२८ जून २०२४, शुक्रवार. सकाळी बाबांचा फोन. टीव्हीचा आवाज मागून येतोय. म्हणाले, "अरे, आपून फोटो काहाडला थेच छत होय काय हे?"

तेच होतं.

पहाटे पाचच्या सुमारास, मुसळधार पावसात, टर्मिनल वनच्या निर्गमन भागासमोरच्या छताचा पत्रा आणि त्याला आधार देणारे लोखंडी बीम खाली उभ्या असलेल्या गाड्यांवर कोसळले. एका टॅक्सी ड्रायव्हरचा जीव गेला, काही जण जखमी झाले. विचार करा, तो माणूस विमानात बसायला आलेलाच नव्हता. कुणाला तरी सोडायला, नाहीतर कुणाचं भाडं मिळेल म्हणून तिथं उभा असणार.

त्याच्या आदल्या दिवशी, २७ जूनला, जबलपूरच्या डुमना विमानतळावर बाहेरच्या कापडी छतात पाणी साचलं आणि ते एका कारवर पडलं. त्या विमानतळाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होऊन चार महिनेही झाले नव्हते. आणि दुसऱ्या दिवशी, २९ जूनला, राजकोटच्या नव्या हिरासर विमानतळाचं कापडी छत कोसळलं. त्याचं उद्घाटन जुलै २०२३ मधलं. या दोन्ही ठिकाणी सुदैवाने जीवितहानी झाली नाही. तीन दिवस, तीन विमानतळ, तीन छतं.

माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. जुना वाडा पडतो ते कळतं. मातीची भिंत खचते तेही कळतं. पण कोट्यवधी खर्चून बांधलेली नवी इमारत, ज्यात इंजिनिअर होते, कॉम्प्युटर होते, कन्सल्टंट होते, ती कशी काय पडते?

याचं सगळ्यात चांगलं उत्तर शोधायला आपल्याला वीस वर्षं मागे आणि पॅरिसला जावं लागेल. कारण तिथं असंच एक नवं कोरं टर्मिनल पडलं होतं आणि ते का पडलं याची नीट चिरफाड झाली.

चला तर मग.

पॅरिस, रविवार सकाळ

पॅरिसचा मुख्य विमानतळ म्हणजे शार्ल द गोल. तिथं जून २००३ मध्ये टर्मिनल २-ई सुरू झालं. खर्च सुमारे ७५ कोटी युरो. आर्किटेक्ट पॉल आंद्रू. हे नाव लक्षात ठेवा. याच विमानतळाचं पहिलं टर्मिनल, १९७४ मध्ये उघडलेलं गोल टर्मिनल, त्यानेच डिझाइन केलं होतं आणि ते काम त्याच्याकडे आलं तेव्हा तो तिशीच्या आतला होता. म्हणजे माझ्या वयाचा. मी या वयात लॉगिन पेजचे बग सोडवतोय, असो.

२-ई चं सगळ्यात देखणं अंग म्हणजे प्रवासी विमानाची वाट बघत बसतात तो लांबच लांब हॉल. साधारण ६५० मीटर लांब. आमच्या गावाच्या एका टोकाहून निघालात तर बऱ्यापैकी गाव संपेल एवढा. आणि या पूर्ण लांबीत मधे एकही खांब नाही. वर काँक्रीटचं कवच, लंबगोल बोगद्यासारखं, जाडी साधारण ३० सेंटीमीटर. त्या काँक्रीटला उजेडासाठी चौकोनी भोकं. कवचाच्या बाहेरून लोखंडी आधार आणि त्याच्यावर काचेचं आवरण. आत बसलं की वाटावं आपण एखाद्या मोठ्या शिंपल्यात बसलोय.

२३ मे २००४. रविवार. सकाळचे सात वाजायला आले होते. पहाटेपासून गेट ई-५० जवळ छतातून धूळ पडत होती, भेग दिसत होती, आवाज येत होते. पोलिसांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी लोकांना बाजूला काढायला सुरुवात केली. ते चालू असतानाच साधारण ३० मीटर लांबीचा छताचा तुकडा खाली आला. चार जण गेले, तीन जखमी झाले.

रविवारची पहाट होती आणि माणसं हलवायला सुरुवात झाली होती. दुपारी गर्दीच्या वेळी हे झालं असतं तर आकडा काय असता, याची कल्पनाच करवत नाही.

टर्मिनलचं वय अकरा महिने.

भूकंप नाही, वादळ नाही, स्फोट नाही, वर बर्फ नाही. एका साध्या सकाळी, स्वतःच्याच वजनाने ते पडलं.

छज्जा आणि सळई

आता इथं मी तुम्हाला पॅरिसहून थेट रिठदला आणतो, कारण पुढचं समजायला आमच्या मोठ्या बाबांची गरज आहे.

मोठे बाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. मिस्त्री. शाळा सातवीपर्यंत. मी बीटेकच्या सुट्टीत घरी आलो होतो तेव्हा आमच्या घराचा स्लॅब पडत होता. 'पडत होता' म्हणजे टाकत होते, घाबरू नका. आमच्याकडे स्लॅब टाकायलाही पडणं म्हणतात. खिडकीवरच्या छज्जाच्या सळया बांधून तयार होत्या आणि मी मोठ्या ऐटीत त्यांच्यावरून चालत गेलो. मोठे बाबा खालून ओरडले, "उतर तिथून! सळई दाबली तुनं!"

मी म्हटलं, सळई तर तिथंच आहे, गेली कुठं?

ते म्हणाले, "सळई हाये रे, पण कुठं हाये थे पाह्य. वरची सळई खाली बसली तं छज्जा बी खालीच बसते."

हे वाक्य मला तेव्हा कळलं नव्हतं. नीट ऐका, सोपं आहे. काँक्रीट दाबायला लोखंडासारखं कणखर, पण ओढायला पापडासारखं. ओढलं की तडकतं. म्हणून जिथं ओढ बसते तिथं सळई घालायची, कारण लोखंड ओढ सहन करतं. छज्जा एका बाजूला भिंतीत धरलेला आणि दुसरी बाजू हवेत. तो खाली झुकू पाहतो तेव्हा त्याची वरची बाजू ताणली जाते. म्हणून सळई वर हवी. ओतताना कुणी पायाने दाबून ती खाली बसवली तर बिलात लोखंड तेवढंच, सिमेंट तेवढंच, दिसायला छज्जा तसाच. फक्त तो एक दिवस पडतो.

आता परत पॅरिसला चला.

पडझडीनंतर सरकारने ज्याँ बेर्तिए यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. २००५ च्या सुरुवातीला तिचा निष्कर्ष आला. त्यातली पहिली गोष्ट काय असेल? काँक्रीटमधली सळई अपुरी, किंवा चुकीच्या जागी बसलेली!

मी ते वाचलं तेव्हा मला मोठ्या बाबांचा आवाज ऐकू आला.

एक खलनायक नाही

पण समितीचं म्हणणं एवढ्यावर थांबत नाही. खरी गंमत, किंवा खरं भय, पुढे आहे. तिथं एकच मोठी चूक सापडली नाही. छोट्या छोट्या अनेक उणिवा सापडल्या आणि त्या एकाच जागी एकमेकींना भेटल्या.

एक, ती सळई. दोन, कवच ज्या कडेच्या बीमवर टेकलं होतं तो बीम कमकुवत होता. तीन, बाहेरच्या लोखंडी आधारांची टोकं काँक्रीटमध्ये जास्त खोल रुतवलेली होती. म्हणजे ३० सेंटीमीटरच्या कवचात आधीच उजेडाची भोकं, त्यात हे खिळे. चार, थंडी-उन्हाचा परिणाम. लोखंड उन्हात फुगतं, थंडीत आखडतं. बाहेरचं लोखंड आणि आतलं काँक्रीट रोज वेगवेगळ्या वेगाने हलत होतं. रोज थोडं थोडं. एखादी तार वाकवत राहिलो की शेवटी तुटते, तसं काहीसं. त्या आठवड्यात पॅरिसची हवा एकदम गार झाली होती.

शेवटी एका ठिकाणी लोखंडी आधाराचं टोक काँक्रीट भेदून आत घुसलं. तिथला आधार गेला, कवच वाकलं, कडेवरून सरकलं आणि खाली आलं.

आणि पाच. ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. एक जागा गेली तर तिचं वजन दुसऱ्या कुणी पेलायचं, अशी सोयच नव्हती. पर्यायी आधार शून्य.

आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. एक सर्व्हर बसला तर दुसरा उभा राहतो, म्हणून तुमचं यूपीआय चालू राहतं. तुम्हाला कळतही नाही की पलीकडे काहीतरी मेलंय. जुन्या वाड्यांतही हे असायचं. एका तुळईला वाळवी लागली तर शेजारच्या तुळया कुरकुरत का होईना, वजन वाटून घ्यायच्या. घरातल्या माणसाला कळायचं, तो टेकू लावायचा. २-ई च्या हॉलमध्ये मधे खांब नव्हते, हेच तर त्याचं सौंदर्य होतं. पण सौंदर्यासाठी खांब काढला तर त्याचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागतं. ते कुणालाच पुरेसं दिलेलं नव्हतं. सगळं काठावर पास. ३५ मार्कांना ३५.

त्यात अजून एक गोष्ट. या प्रकल्पाची मालक संस्था म्हणजे पॅरिसची विमानतळ कंपनी. डिझाइन तिच्याच आर्किटेक्चर विभागाचं, आंद्रू त्याच विभागाचा प्रमुख. कामावर देखरेखही तिचीच. म्हणजे पेपर काढणारा, सोडवणारा आणि तपासणारा एकाच घरातला. अशा ठिकाणी "थांबा, मला हे पटत नाही" असं कोण म्हणणार?

आणि आधी सूचना मिळाली नव्हती असंही नाही. बांधकाम चालू असतानाच खालच्या खांबांना भेगा पडल्या होत्या आणि ते मजबूत करावे लागले होते. इमारत बोलत होती.

आंद्रूने नंतर बांधकाम कंपन्यांकडे बोट दाखवलं, की काँक्रीटचं काम नीट झालं नाही. ऑफिसातली ती मीटिंग आठवली का? "माझ्या मशीनवर तर चालत होतं." जगात सगळीकडे तेच.

पुढे काय केलं

मार्च २००५ मध्ये निर्णय झाला. पडलेला ३० मीटरचा तुकडा दुरुस्त करायचा नाही. तो पूर्ण हॉल पाडायचा. कारण त्या तुकड्यात जे होतं, तेच बाकीच्या सहाशे मीटरमध्येही होतं. फक्त ते अजून पडलं नव्हतं. खर्च अंदाजे १० कोटी युरो. काँक्रीटच्या कवचाऐवजी पोलाद आणि काच, नेहमीची, कंटाळवाणी, खात्रीची पद्धत. ३० मार्च २००८ ला ते टर्मिनल पुन्हा पूर्ण सुरू झालं. म्हणजे अकरा महिने चाललं आणि जवळपास चार वर्षं अर्धवट राहिलं.

मला इथं फ्रान्सला डोक्यावर घ्यायचं नाहीये. भेगा त्यांनाही दिसल्या होत्या आणि माणसं त्यांचीही गेली. पण एक गोष्ट मान्य करावी लागेल. "हा तुकडा का पडला" याच्या पुढे जाऊन "उरलेला का पडणार नाही" हा प्रश्न त्यांनी विचारला.

आपल्याकडे

आता दिल्लीला परत येऊ. त्या २४ तासांत सफदरजंगला २२८.१ मिलिमीटर पाऊस पडला. १९३६ नंतरचा जूनमधला एका दिवसातला सगळ्यात मोठा. हा आकडा नुसता ऐकून सोडू नका. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, म्हणजेच एक किलो पाणी. १० बाय १० मीटरचं छत घ्या. निचरा अजिबात झाला नाही तर त्याच्यावर जवळपास २३ टन पाणी. कापडी छत असेल तर अजून वाईट. पाण्याने कापड झोळीसारखं खाली येतं, झोळी खोल झाली की अजून पाणी येतं, पाणी आलं की झोळी अजून खोल. आमच्याकडे लग्नाच्या मांडवात अवकाळी पावसात हेच होतं आणि तेव्हा कुणीतरी म्हातारं माणूस बांबू घेऊन खालून पाणी ढकलतं. त्याला इंजिनिअरिंग माहीत नसतं, मांडव माहीत असतो.

पाऊस रेकॉर्डब्रेक होता हे खरंच. पण विमानतळाचं छत बांधताना पाऊस पडेल हे गृहीत धरायचं नाही तर काय धरायचं?

आणि त्या दिवसांत टीव्हीवर चर्चा काय होती, आठवतंय? हे छत २००९ चं की २०२४ चं. म्हणजे कुणाच्या काळातलं. फीत कुणी कापली. मंत्र्यांनी सांगितलं की पडलेला भाग २००९ मध्ये सुरू झालेल्या जुन्या इमारतीचा, मार्च २०२४ मध्ये उद्घाटन झालेला भाग वेगळा. ते खरं होतं. मृताच्या कुटुंबाला २० लाखांची मदत जाहीर झाली, देशभरातल्या विमानतळांना तपासणीचे आदेश गेले, दिल्लीच्या आयआयटीच्या तज्ज्ञांना बोलावलं. ऑगस्टमध्ये टर्मिनल वनची नवी इमारत सुरूही झाली. पण आपण, म्हणजे तुम्ही आणि मी, फॉरवर्ड काय करत होतो? फितीचे फोटो. बीम कुठून तुटला, त्या छताची शेवटची तपासणी कुणी केली होती, हे किती जणांनी विचारलं? मीसुद्धा नाही. मी बाबांचा डीपी बघत बसलो होतो.

तपासणीचा कागद म्हणजे तरी काय, हे महाराष्ट्राला चांगलं माहीत आहे. १४ मार्च २०१९, मुंबईत सीएसएमटीजवळचा हिमालय पूल. संध्याकाळची घरी जायची वेळ, पायाखालचा स्लॅब गेला, सात जणांचा जीव गेला. त्या पुलाचं स्ट्रक्चरल ऑडिट आधी झालेलं होतं. अहवालात किरकोळ दुरुस्ती सुचवलेली होती. ऑडिट करणाऱ्याला नंतर अटक झाली. म्हणजे ऑडिटचा कागद होता, सही होती. पण जागेवर जाऊन, हातोडीने ठोकून, आवाज ऐकून "माणसं थांबवा" म्हणणारं कुणी नव्हतं.

पॅरिस असो, दिल्ली असो, मुंबई असो, मला यात एकच गोष्ट दिसते. इमारत बहुतेक वेळा आधी सांगते. धूळ पडते, भेग दिसते, गळतं, झोळी होते. आपण अडकतो ते पुढच्या पायरीवर. ज्याला दिसतं त्याच्या हातात थांबवण्याचा अधिकार नसतो, आणि ज्याच्या हातात अधिकार असतो तो छताखाली उभा नसतो.

स्वतःचंही सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका रिलीजच्या आदल्या रात्री मला लॉगमध्ये एक वॉर्निंग दिसत होती. टीम दमलेली, तारीख ठरलेली. मी लिहिलं, "मायनर, नंतर बघू." दुसऱ्या दिवशी काही तास सगळं बंद. कुणी मेलं नाही, फक्त लोक वैतागले. पण 'मायनर' हा शब्द लिहिताना मला काय वाटलं होतं ते अजून आठवतं. मला फक्त झोपायचं होतं.

तुमच्यापैकी कित्येक जण सिव्हिल करताय, डिप्लोमा करताय, साइटवर सुपरवायझर आहात. उद्या तुमच्यासमोर असा कागद येईल आणि रात्र झालेली असेल. तेव्हा सही करण्याआधी एकदा जागेवर जाऊन या. आणि बाकीच्यांनो, शाळेचा व्हरांडा असो, बसस्टँड असो की विमानतळ, छतातून धूळ किंवा पाणी पडताना दिसलं तर रील काढा, हरकत नाही, पण आधी खालची माणसं हलवा आणि मग तो व्हिडिओ ग्रामपंचायतीला, मुख्याध्यापकांना, मॅनेजरला, ज्याचं छत आहे त्याला पाठवा. तारीख टाकून. म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की आम्हाला माहीत नव्हतं.

या दिवाळीत गावी गेलो तेव्हा मोठ्या बाबांना ही पॅरिसची सगळी गोष्ट सांगितली. ७५ कोटी युरो, काच, कवच, समिती, सगळं. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मंग सळई ओतायच्या आधी कोनी पाह्यलीच नाही?"

मी म्हटलं, पाहिली असेल, पण बोललं नसेल कुणी.

त्यांनी मान हलवली आणि आमच्या खिडकीवरच्या छज्जाकडे बघितलं. मी चाललो होतो तो छज्जा. मी उतरल्यावर त्यांनी त्या दिवशी मजूर थांबवले होते, सळई पुन्हा वर उचलून बांधली होती, खाली नवे ठोकळे लावले होते आणि मगच माल ओतू दिला होता. दीड तास गेला होता. बाबा चिडले होते, मजुरी वाढली म्हणून.

तो छज्जा अजून आहे. पावसात आई त्याच्याखाली तुळशीची कुंडी सरकवते.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावात, कॉलेजात असं एखादं बोलणारं छत असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात आपण ती ऐकू. आणि घरी कुणी मिस्त्री असेल तर त्याला हा भाग नक्की ऐकवा. चूक काढली तर तीही कळवा. काळजी घ्या, भेटूया.